बोटीवर राहायचंय (मुंबई): फ्लोअरिंग आणि नांगर-साखळीबद्दल सल्ला हवा

शिडाची_होडी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायकोंनी या ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत बोटीवरच मुक्काम करायचं ठरवलंय. ३४ फुटी, फायबरची, शिडाची सेकंडहँड बोट आहे. वजन साधारण ६ टन, पाण्याखाली दीड मीटर. बहुतेक वेळ गेटवेच्या समोर, मधूनमधून मांडव्याला असू.

दोन कामं डोक्यावर आहेत. केबिनमधलं प्लाय डोलकाठीच्या बुंध्याशी फुगून काळं पडलंय. घरांचं इंटिरियर करणारे ओळखीचे कारागीर म्हणतात, एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या) क्लिक पट्ट्या टाका, पाण्याला दाद देत नाहीत. मला सागाच्या पट्ट्या आवडतात. दुसरं म्हणजे बोटीसोबत आलेला नांगर ११ किलोचा, जुना सीक्यूआर (फाळासारख्या पात्याचा) आहे. त्याला जेमतेम १० मीटर साखळी आणि पुढे दोर. एवढ्यावर रात्री झोप लागेल का?

यंदा दोन्हींपैकी एकच काम मनासारखं करता येईल, दुसरं काटकसरीत. आधी काय घ्यावं?

खाडीकाठ

आधी नांगर. फुगलेल्या फळीवर एक हंगाम निघतो, घसरत्या नांगरावर एक रात्रही काढू नये.

मुंबईत दोन गोष्टी ध्यानात ठेवून सामान निवडावं लागतं: पाण्याची चढउतार आणि तळाचा गाळ. उधाणाला इथे ओहोटी-भरतीत चार ते साडेचार मीटरचा फरक पडतो. समजा, ओहोटीला तुमच्याखाली ३ मीटर पाणी आहे आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून १.२ मीटर उंच आहे. तेवढ्यावर पाचपट हिशेब केला तर २१ मीटर साखळी सोडाल. सहा तासांनी साडेचार मीटर पाणी चढलं की नाळेपासून तळ ८.७ मीटरवर जातो आणि तीच साखळी अडीचपटही उरत नाही. नांगरावरची ओढ आडवी न राहता वरच्या दिशेला होते आणि तो उपटून येतो. त्यामुळे हिशेब नेहमी पूर्ण भरतीचा धरायचा. पाचपट म्हणजे ४४ मीटर, वारा असेल तर सातपट म्हणजे ६१. तुमची १० मीटर साखळी आणि दोर इथे अपुरी आहे.

सीक्यूआर ही १९३३ सालची रचना. चांगल्या वाळूत अजून काम करते, पण आपल्या मऊ चिखलात ती नांगरटीसारखी हळूहळू पुढे सरकते. वर कमान असलेला नव्या पद्धतीचा नांगर घ्या, रोक्ना किंवा मँटस जातीचा. कंपनीचा तक्ता १५ किलो सांगेल, बोटीवर राहणार असाल तर २० घ्या. जोडीला फोर्ट्रेस एफएक्स-२३ ठेवा. अॅल्युमिनियमचा आहे, वजन सात किलोच्या आत. त्याच्या पात्यांचा कोन ३२ वरून ४५ अंशांवर करता येतो, आणि ४५ ची सोय मुद्दाम मऊ चिखलासाठीच आहे.

फोर्ट्रेस मुख्य नांगर म्हणून मात्र नको. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, म्हणजे चार वेळा प्रवाह उलटतो आणि बोट नांगराभोवती फिरते. सरळ ओढीला अशा चपट्या पात्यांच्या नांगरासारखा पक्का दुसरा नाही, पण ओढ उलटली की तो निघून पुन्हा न रुतण्याची भीती असते. कधीकधी साखळीच पात्यात अडकते. कमानीचा नांगर वळतो आणि पुन्हा रुततो.

साखळी ८ मिमीची, गरम जस्तात बुडवलेली, ५० मीटर. मीटरला १.४ किलो धरा, म्हणजे ७० किलो. १० मिमी घेतलीत तर ११० किलोच्या वर जाईल आणि एवढ्या बोटीची नाळ दबेल. पुढे ३०-४० मीटर तीन पेडी नायलॉन. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त पडतो, पण तो नायलॉनइतका ताणत नाही आणि पाण्यावर तरंगतो, दुसऱ्या बोटीच्या पंख्यात जायचा.

रंधा_आणि_पटाशी

नांगर आधी, याला माझाही दुजोरा. फ्लोअरिंगचं मी सांगतो, कारण क्लिक पट्ट्यांचं वाचून राहवलं नाही.

ताई, एसपीसी स्वतः फुगत नाही हे खरंच आहे. पण त्या पट्ट्या एकमेकींत अडकवून अख्खी खोली एकसंध झाकतात. घरात ते ठीक. बोटीत फळीखाली बिल्ज (तळाचा, पाणी साचणारा भाग) उपसणारा पंप आहे, कीलचे (तळाच्या वजनदार पात्याचे) बोल्ट आहेत, सी-कॉक (समुद्राचं पाणी आत-बाहेर जाण्याच्या भोकांवरच्या तोट्या) आहेत. रात्री दोन वाजता पाणी आत येताना दिसलं तर कुठलीही फळी काही सेकंदांत उचलता आली पाहिजे. म्हणून प्रत्येक फळी सुटी, हाताचं बोट घालून उचलता येईल अशी, आणि बोट कलल्यावर उडू नये म्हणून तिला खटका. आधी याचं पक्कं करा, सागाचा की व्हिनाइलचा हा प्रश्न त्यानंतरचा.

लॅमिनेटचं नाव काढू नका, आत दाबलेला भुसा असतो. टाइल्सही नकोत. वजन तर आहेच, शिवाय बोटीचं अंग लाटेत पिळतं आणि टाइल पिळत नाही.

प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) शिक्क्याचं घ्या. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून जे पुढे करतात ते बऱ्याचदा आयएस ३०३ असतं, स्वयंपाकघराला पुरतं, बिल्जवर नाही. शिक्का फळीवर स्वतः वाचा. खालच्या आडव्या पट्ट्या ४० सेंमीच्या आत असतील तर १२ मिमी पुरे, नाहीतर १८.

खरी मेहनत इपॉक्सीची. वर, खाली आणि चारही कडा. पाणी सपाटीतून कमी आणि कडेतून जास्त शिरतं, म्हणून कडांना तीन हात. बोटांसाठी भोक पाडलंत तर त्याच्या आतल्या बाजूलाही. तुमचं प्लाय काळं पडलंय ते बहुधा कडेतूनच. आधी डोलकाठीच्या कॉलरमधून (डेकमधून काठी खाली जाते तिथल्या कड्यातून) पाणी गळतंय का ते बघा, नाहीतर नवीन फळीचीही तीच गत. दोन फळ्यांत २-३ मिमी फट सोडा, पावसाळ्यात लाकूड फुगणारच.

आणि एक, फळ्या बसवण्याआधी खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. खाऱ्या पाण्याचं मीठ तिथे राहिलं तर ते हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि जागा कधीच सुकत नाही. मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं.

काटकसरीत करायचं तर प्लायवर प्रत्येक फळीच्या मापाचं, खरखरीत पोताचं व्हिनाइल चिकटवा. साग पुढच्या वर्षी त्याच फळ्यांवर पातळ पट्टीने लावता येईल. पॉलिश चकचकीत करू नका, ओल्या पायाने घसराल.

शिडाची_होडी

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. क्लिक पट्ट्या रद्द. साखळीसाठी दारुखान्यात (मुंबईतल्या जहाज-भंगाराच्या बाजारात) जुनी जहाजाची मिळेल असं दीर म्हणतात, निम्म्या किमतीत. घ्यावी का?

खाडीकाठ

नको. जुन्या साखळीची ग्रेड कळत नाही, कड्या ताणलेल्या आणि झिजलेल्या असतात. तुमच्या विंडलासच्या (साखळी ओढायच्या यंत्राच्या) चाकात ठराविक मापाचीच कडी बसते, थोडा फरक असला तरी ओढताना साखळी उसळते. दारुखान्यातून हवं तर फेंडर, क्लीट, दोराचे हुक घ्या. नांगर आणि बोट यांच्या मधलं काहीही नवीन आणि शिक्क्याचं. शॅकलची (साखळी आणि नांगर जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधा. स्विव्हल (गोल फिरणारा जोड) शक्यतो टाळा, साखळीत तो सर्वांत नाजूक दुवा ठरू शकतो.

वेसावचा_तांडेल

ताई, आम्ही मासेमारीवाले, तुमच्या शिडाच्या बोटीचं फारसं ठाऊक नाही, पण तळ एकच आहे. आमचा चार हुकांचा नांगर खडकात चालतो. चिखलात नुसता त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

चिखलात नांगर टाकल्यावर लगेच इंजिन मागे जोरात मारू नका. त्याला बसू द्या, थोडा वेळ स्वतःच्या वजनाने खाली जाऊ दे. मग हळूहळू ओढ वाढवा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, त्या हलल्या तर नांगर सरकतोय. धरत नसेल तर वर काढून बघा, पात्यावर प्लास्टिक नाहीतर जाळ्याचा तुकडा असतो. खाडीच्या तोंडाशी हे रोजचं आहे. चिखल धुवायला नाळेवर पंप ठेवा, नाहीतर साखळीच्या खणातला वास झोपायच्या जागेपर्यंत येतो.

भरतीची वेळ तिथीवरून काढायला शिका. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं, नेमकं हवं तर कोष्टक बघा, पण फोन बंद पडला तरी तिथी लक्षात असते. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यांत मोठं चढतं, तेव्हा साखळी जास्त सोडा. अष्टमीनंतर भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यांत कमी, तेव्हा ओढ कमी.

घारापुरीच्या बाजूला नांगर टाकताना नकाशा बघाच. २०१८ मध्ये बेटावर वीज आली ती समुद्राखालच्या केबलने. जवाहर द्वीपाकडे तेलवाहिन्या आहेत. नौदलाच्या हद्दीजवळ थांबूच नका.

शिडाची_होडी

तांडेल काका, तिथीचं गणित लिहून ठेवलं. दुपारी वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध असतात तेव्हा बोट आडवी होऊन साखळीवरच चढते, असं मांडव्याला पाहिलंय. त्यावर काय करता?

खाडीकाठ

दुपारचा खारा वारा आणि बाहेर जाणारं पाणी भांडायला लागले की असं होतंच. १२ मिमीचा, ८-१० मीटर नायलॉन दोर साखळीला हुकने लावून त्यावर ओढ घ्या, झटके तो खातो आणि साखळी फायबरवर घासत नाही. जिथे घासेल तिथे जुना पाइप चढवा. मागे एक छोटं शीड लावलंत तर नाळ वाऱ्याकडे राहते. शेजारच्या बोटीपासून अंतर ठेवा. ओहोटीला तुमची ५०-६० मीटर साखळी म्हणजे तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ, वर बोटीची लांबी.

मुक्कामाच्या परवानगीचं आणि नोंदणीचं मुंबई बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ, दोन्हीकडे आधी विचारा. कुठलं पाणी कोणाच्या हद्दीत येतं ते तिथेच कळेल. मे संपायच्या आत बोट किनाऱ्यावर चढवा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडात धडकलं, तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं. मेच्या मध्यापासून हवामान खात्याचा अंदाज रोज बघा.

शिडाची_होडी

ठरलं. २० किलोचा नांगर, ५० मीटर साखळी आणि नायलॉन या महिन्यात. जुना सीक्यूआर मागे राखीव, फोर्ट्रेस जमेल तेव्हा. डोलकाठीची कॉलर आत्ताच, आणि डिसेंबरात ७१० चं प्लाय, इपॉक्सी, व्हिनाइल. नांगरावर असताना दिवे कोणते लावायचे एवढंच राहिलं.

वेसावचा_तांडेल

रात्री चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा, दिवसा पुढच्या भागात काळा गोळा. दिवा नुसता डोलकाठीच्या टोकावर ठेवू नका. आमच्या बोटी पहाटे अंधारात निघतात, तांडेलाची नजर पाण्याच्या पातळीवर असते. डेकजवळ दुसरा एक लहान दिवा टांगा आणि तो पहाटेपर्यंत टिकेल एवढी बॅटरी ठेवा.