मदत हवी आहे : शिंजीर पक्ष्याच्या (सूर्यपक्ष्याच्या) घरट्यातली लोकर आणि टोपीचे टाके

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. इथली थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. ऊसतोडीची पोरं पहाटे आईबापांबरोबर फडात असतात, डोक्याला नुसतं फडकं बांधलेलं. म्हणून आम्ही चौघीजणी त्यांच्यासाठी कानटोप्या विणतोय. आतापर्यंत २३ झाल्या.

मी मागच्या पडवीत विणत बसते. तिथेच कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजीरची मादी घरटं बांधतेय. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालपटं असं चिकटवत लांबुडकी पिशवी तयार होत आलीय. नर जवळपास ओरडत फिरतो, काम सगळं तिचंच. पण परवापासून ती माझ्या लोकरीचे तुकडेही उचलून नेतेय. काल एक वीतभर लाल धागा घरट्याखाली लोंबताना दिसला आणि पोटात गोळाच आला. पिल्लाच्या पायाला गुंडाळला तर पाय जायचा. मी आता सगळे तुकडे डब्यात भरते, तारेवर कपडेही टाकत नाही.

तो लोंबता धागा ती नसताना कात्रीने कापू का? की हात लावला तर घरटं सोडेल? अंडी अजून नसावीत.

दुसरं, ॲक्रिलिक धुवायला सोपं, पण त्या पोरांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटलेली असते आणि ते विस्तवाजवळ वितळतं. मग काय वापरावं? आणि दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी १० नंबरच्या सुयांवर किती टाके घालता? माझ्या टोप्या कानावरून वर सरकतात.

कुणी अनुभवी असेल तर लवकर सांगा.