मदत हवी आहे: तापमानवाढीमुळे झाडं खरंच डोंगरावर जास्त उंचीकडे सरकतायत हे ओळखायचं कसं?

आंबेनळी घाटात पोलादपूर ते महाबळेश्वर (माथा साधारण १,३५० मीटर) ऐन आणि किंजळ ही जंगली झाडं उंचीनुसार नोंदवतोय. मोठी झाडं आणि गुडघाभर रोपं वेगळी मोजली. वरच्या टोकाला रोपंच जास्त दिसतात. पण चराई, वणवे, लाकूडतोड कमी झाली तरीही असं होऊ शकतं, त्यामुळे लगेच तापमानवाढीचं नाव घ्यायला मन धजत नाही. जुने हर्बेरियम नमुने (वाळवून जपलेल्या फांद्या-पानं) पाहिले. चिठ्ठीवर नुसतं 'महाबळेश्वर', उंचीचा पत्ताच नाही! उंची जीपीएस आणि नकाशा दोन्हींवरून तपासली आहे. वनखात्याची परवानगी आहे, मात्र खोडाला भोक पाडून वय काढता येणार नाही.

चराईचा परिणाम वेगळा काढायला तुलनेसाठी कोणती जागा घ्यावी? देवराई चालेल, की तिथल्या दाट सावलीत ऐन-किंजळाची रोपं मुळातच तग धरत नाहीत?