मदत हवी आहे: गाडीत पाणी गेलंय, आतून वाळवायची कशी? (तातडीचं)

ओलावलेला
नमस्कार मंडळी. गाडीत पाणी गेलंय. चार दिवस झाले, वाळतच नाही. कुबट वास इतका की काच खाली केल्याशिवाय बसवत नाही. सगळं करून झालंय. शनिवारी चार जणांना घेऊन लांब जायचंय. कृपया नेमका आणि झटपट उपाय सांगा. 'गॅरेजला न्या' हे सोडून.

तिसरा गिअर
कुठून गेलं? किती गेलं? आणि 'सगळं' म्हणजे काय काय?

निवांत
शिवाय पाणी कसलं? पावसाचं, साचलेल्या रस्त्याचं, की मागच्या सीटवर कॅन कलंडला?

घरगुती
जाडं मीठ! जुन्या मोज्यात भरून गाठ मारा आणि सीटखाली ठेवा. सकाळी मोजा हातात घेतलात तर ओला लागेल. आमच्या कपाटात दर पावसाळ्यात हेच करते. तांदूळही चालतात, मोबाइल भिजला की ठेवतो तसे.

पानेवाला
मोबाइल तांदळात मावतो, ताई. गाडी बुडवायला गोदाम लागेल.
मिठाचं म्हणाल तर हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असेपर्यंतच ते पाणी ओढतं, त्याखाली नाही. आणि ओढलेलं खारट पाणी मोज्यातून गळून पत्र्यावर गेलं की गंज. त्यापेक्षा सिलिका जेल घ्या. तेही स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच पाणी धरतं, म्हणजे शेवटची दमट हवा सुकवायला ठीक. कार्पेटमधलं पाणी त्याने निघत नसतं.

आधी_वाचा
सर्वात महत्त्वाचं कोणीच सांगत नाहीये. गाडी पाण्यात उभी होती का? असेल तर चावी फिरवू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं आणि स्टार्टर मारला तर पिस्टन वर येताना अडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. ऑइलची काडी काढून बघा, ऑइल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, गाडी टो करा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलींना हातसुद्धा लावू नका.

ओलावलेला
अहो, गाडी रोज चालवतोय! पुराबिराचं काही नाही. काच दोन बोटं खाली राहिली आणि रात्रभर पाऊस लागला, इतकंच. पाय ठेवतो तिथे ओलं आहे. रद्दी अंथरली, काचा लावून उन्हात ठेवली, हेअर ड्रायर मारला. संध्याकाळी हाताला कोरडं लागतं, सकाळी पुन्हा ओलं. काचांवर आतून दव.

पानेवाला
आता कळलं. कार्पेटला वरून हात लावून काही समजत नाही. त्याच्याखाली दोनतीन बोटं जाड फोम किंवा नमदा असतो, तो स्पंजासारखा कित्येक लिटर पाणी धरून बसतो. वरचा थर वाळला की खालचं पाणी वर चढतं. चार पदरी कोरडं फडकं कार्पेटवर ठेवा आणि त्यावर टाच रोवून एका पायावर उभे राहा. फडकं भिजलं तर खाली अजून पाणी आहे.

काचा लावून उन्हात ठेवली म्हणता, तिथेच गडबड झाली. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. गाडीत हवा असते तीन घनमीटरच्या आसपास. आतलं तापमान ५० वर गेलं तरी पाव लिटरच्या पुढे मजल जात नाही. रात्री गार झालं की तेच पाणी काचांवरून खाली. तुम्ही चार दिवस तेच पाणी वरखाली करताय.

निवांत
म्हणून एसी लावा. कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी गोठतं आणि पाईपने बाहेर जातं. 'आतली हवा फिरवा' हे बटण दाबून ठेवायचं.

तिसरा गिअर
गोठतं नाही हो, दव धरतं. आणि बटण उलटं दाबायला सांगताय. बाहेरची हवा आत घ्यायची, आतली दमट हवा निघून गेली पाहिजे.

निवांत
बाहेर धो धो पाऊस असताना बाहेरची हवा आत घ्यायची? वा! आतली एकदा सुकवलेली हवाच पुन्हा पुन्हा कॉइलवरून जाते, म्हणून लवकर सुकतं. साधं गणित आहे.

तिसरा गिअर
गणित तुमचं, गाडी त्यांची. मी तीन गाड्या वाळवल्यात.

निवांत
तीन गाड्यांत पाणी घातलंत म्हणजे.

पानेवाला
दोघंही बरोबर आहात, आता थांबा. बाहेर दमट असेल तर आतली हवा फिरवा, एसीबरोबर तापमान गरमकडे ठेवा. बाहेर कोरडं ऊन असेल तर एसी कशाला, चारही दारं उघडून पंखा लावा. दारं उघडी ठेवताना आतला दिवा मात्र बंद करा, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली. आणि इंजिन चालू ठेवून एसी लावायचा तर गाडी उघड्यावर हवी. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग.

ओलावलेला
तुमच्या सल्ल्याने काल तासभर एसी लावला. उघड्यावर, आतली हवा फिरवून, सगळं सांगितल्याप्रमाणे. आज सकाळी परवापेक्षा जास्त ओलं! मॅट उचलली तर खाली चक्क पाणी तरंगतंय. माहीत नसेल तर सल्ले देऊ नयेत, ही विनंती.

घरगुती
मीठ ठेवलं असतंत तर...

रिकामटेकडी
मी एक विचारू? पाऊस त्या एका रात्रीच. त्यानंतर गाडीवर पाणी पडलंय का?

ओलावलेला
नाही. तेव्हापासून रात्री छपराखालीच असते.

रिकामटेकडी
आणि उघडी काच कुठली? ओल कुठल्या बाजूला?

ओलावलेला
काच माझ्या बाजूची होती. ओल शेजारच्या सीटच्या पायाशी. माझ्या पायाशी कोरडं आहे. का?

तिसरा गिअर
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं हो!!

पानेवाला
बरोबर. पाणी काचेतून आलेलंच नाही, आणि आलं असलं तरी ते केव्हाच वाळलं. हे रोजचं नवं पाणी आहे. वाळवत बसलात तर वर्षभर वाळवाल. आधी गळती शोधा. चार जागा बघा. वायपरच्या खालच्या जाळीत पाला अडकून पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. दाराच्या आतल्या पॅनेलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा सुटला की पाणी उंबऱ्यावरून आत उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या नळ्या. चौथी, हीटरची कॉइल.

आधी_वाचा
हीटरची कॉइल असेल तर ते पाणी नाही, कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. बोटाला बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर तेलकट धुकं धरतं. चव घेऊन बघू नका, विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनाही चाटू देऊ नका.

ओलावलेला
सनरूफ नाही. बुळबुळीत नाही, साधं गार पाणी आहे. आणि पाऊसच नाही तर जाळी आणि दार कशाला बघू?

रिकामटेकडी
एसी लावल्यावर गाडीच्या खाली पाणी ठिबकतं का?

ओलावलेला
नाही. पूर्वी खाली डबकं व्हायचं, हल्ली पंधराएक दिवस अगदी कोरडं असतं. चांगलंच झालं ना?

पानेवाला
🤦 चांगलं काय त्यात! ते पाणी आता कुठे जातंय, हा प्रश्न पडला नाही का?

रिकामटेकडी
वळणावर डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते का?

ओलावलेला
येते. मला वाटलं ग्लोव्ह बॉक्समध्ये पाण्याची बाटली आहे. बाटली शोधून शोधून थकलो.

रिकामटेकडी
एसीचा ड्रेन पाईप तुंबलाय. कॉइलखालच्या ट्रेत पाणी भरतं, बाहेर वाट नाही, म्हणून ते शेजारच्या पायाशी उतरतं. एसीने गाडी वाळवायला गेलात, म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसलीत. आमच्या गाडीत हेच झालं होतं, फक्त मला शोधायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत मीच पाय धुऊन गाडीत बसते म्हणून बोलणी खाल्ली.

निवांत
म्हणजे माझा सल्ला बरोबरच होता, पाईप चुकीचा होता.

पानेवाला
पाईप कसा साफ करायचा ते बघा. एसी बंद. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाला दगडाची ओट लावून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून एक बोटभर रबरी नळी बाहेर आलेली दिसेल, बऱ्याच गाड्यांत तिला खाली कोपर असतं. चेहरा बाजूला ठेवून ती चिमटीत दाबा. नाहीच सुटलं तर मऊ प्लास्टिकची तार हळूच घाला. टोकदार लोखंडी तार नको, आतली कॉइल फुटली तर गॅस गेला. पंपाची जोरदार हवाही खालून मारू नका, घाण उलटी वर जाते.

आधी_वाचा
शेजारची सीट काढणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा. तो सुटा असताना इग्निशन चालू केलं की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कनेक्टर परत जोडला तरी विझत नाही, स्कॅनर लावावा लागतो. काही गाड्यांत कंट्रोल युनिटही कार्पेटखाली असतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड दिसली तर काँटॅक्ट क्लीनर मारा.

तिसरा गिअर
पायाशी ओल आहे, सीट कशाला काढायची? उंबऱ्याची पट्टी उचकटा, कार्पेट कोपऱ्यातून वर करा, खाली लाकडाचा ठोकळा सारा. बास.

घरगुती
वासासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. किंवा घरात फरशीला वापरतो ते ब्लीच.

पानेवाला
व्हिनेगर चालेल. ब्लीच अजिबात नको. सीटबेल्टची वीण कमजोर होते, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद गाडीत. 'किंवा' लिहिलंत ते ठीक, पण वाचणारा 'आणि' करतो.

ओलावलेला
झालं! मोठ्या पोस्टबद्दल माफ करा.

काल संध्याकाळी गाडीखाली आडवा झालो. नळी सापडली, करंगळीएवढी. दाबली तर आत कडक गाठ. मऊ तार घालून फिरवली, आधी दोन थेंब, मग काळपट पाण्याची धार थेट मनगटावरून बगलेत. चेहरा बाजूला ठेवा म्हटलं होतं, ठेवला होता, बगलेचं कोणी बोललं नव्हतं. पाण्याबरोबर मातीचा पेरभर गोळा बाहेर पडला. फोडला तर आतून पोकळ, त्यात वाळलेले कोळी. कुंभारीण माशीने घर केलं होतं! भिंतीवर, कुलपात घर करते हे पाहिलं होतं, एसीच्या नळीत करते हे माहीत नव्हतं. वरून मग धुळीचा गाळ बसला असावा.

मग कार्पेट उचललं. फोम पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी, अर्धी बादली. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम शेजाऱ्यांकडून आणून फिरवला, ठोकळा लावून रात्रभर पंखा ठेवला. ब्लोअरमागचा केबिन फिल्टर काढला, त्याला काळे ठिपके, तो फेकला. वास निम्मा झालाय. एसी लावल्यावर गाडीखाली डबकं झालं, ते बघायला घरातले सगळे बोलावले.

रिकामटेकडी
आमच्याकडेही डबकं बघायला सगळे आले होते. 😄 फोमला अजून चार दिवस द्या, टाचेची परीक्षा रोज घ्या. बुरशी धरायला एकदोन दिवसच लागतात, तुमचे पाच झालेत, म्हणून फोमच्या खालच्या बाजूला काळं आहे का ते बघा. असेल तर तेवढा तुकडा बदला, धुण्यात वेळ घालवू नका.

ओलावलेला
काळं आहे, तळहाताएवढं. कापून टाकतो. शनिवारी जाऊन आलो. पुढचं कार्पेट उचललेलंच होतं, म्हणून शेजारची सीट रिकामी आणि तिघं मागे. चौथ्याला बसने पाठवलं, तो अजून बोलत नाहीये.

आधी_वाचा
ऑइलची काडी बघितलीत का?

नवीन_सदस्य
छान धागा. माझ्याही गाडीत वास येतोय पण पाणी नाहीये. काय करू? जरा लवकर सांगा.

तिसरा गिअर
कुठली गाडी? कसला वास? कधीपासून?