दात काढायची हत्यारं कशी निर्जंतुक करतात? डॉक्टरांना विचारावं की गप्प बसावं?

मुरुडची सून:

आमचं मुरुडला (दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे) पर्यटकांना राहण्या-जेवणाची सोय करायचं काम आहे. पावसात गिऱ्हाईक नसतं, म्हणून सासूबाईंची दाढ आत्ताच उरकून घ्यावी म्हटलं. आयुष्यभर मिश्री लावली, त्याचं हे फळ. मंगळवारी तालुक्याच्या गावी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांचं नाव देत नाही. माणूस सज्जन आहे आणि हात इतका हलका की सुई कधी टोचली ते सासूबाईंना कळलंही नाही. सुई नवीन होती, माझ्यासमोर फोडली.

पण पकड आली ती निळसर पाण्याच्या ट्रेमधून. आमच्या आधी एका मुलाची दाढ काढली होती, त्याची पकड मदतनीस मुलीने नळाखाली ब्रशने घासली आणि त्याच ट्रेमध्ये टाकली. दहा मिनिटांनी सासूबाईंचा नंबर. तीच पकड की दुसरी, देव जाणे. कोपऱ्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, होता. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी आणि फुलदाणीला टेकवलेली अपॉइंटमेंटची डायरी. रोज उघडायच्या झाकणावर कुणी फुलदाणी ठेवेल का?

पुढच्या मंगळवारी टाके काढायचे आहेत. गाव लहान. डॉक्टरांची बायको आमच्याकडून आमसुलं नेते. विचारावं तर कसं?

चिपळूणची सिस्टर (निवृत्त):

सूनबाई, अठ्ठावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, म्हणून लिहिते. ते निळसर पाणी बहुतेक ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाचं असावं. २ टक्क्यांच्या त्या द्रावणात हत्यार पूर्ण निर्जंतुक व्हायला १० तास बुडवून ठेवावं लागतं. दहा मिनिटांत होतं ती नुसती समजूत. उकळण्याचंही तेच. १०० अंशाला बरेच जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू कवच घालून बसतात, ते नुसत्या उकळण्याला दाद देत नाहीत.

ऑटोक्लेव्ह म्हणजे तुझा कुकरच समज. १५ पौंड दाब, १२१ अंश. हत्यार उघडं असेल तर १५-२० मिनिटं, कागदी पाकिटात बंद असेल तर साधारण अर्धा तास. आणि कुकरला वाफ धरायच्या आधी शिट्टी लावली की आत हवा अडकून भात कच्चा राहतो ना? इथेही अडकलेली हवा काढून टाकावी लागते, नाहीतर काटा दाब दाखवतो आणि आत तेवढी उष्णता नसते. वर पाकीट कोरडं निघायला हवं. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, आणि आपल्याकडे श्रावणात काय कोरडं राहतं ते तुला ठाऊकच आहे.

पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो तो बघ. पण त्यावरून वाफ पोचली एवढंच कळतं. जंतू खरंच मेले का, हे बघायला बीजाणूंची पट्टी आत ठेवून तपासणी करतात, ती दर आठवड्याला व्हायला हवी.

सासूबाईंना धोका लहानच आहे, घाबरू नकोस. तरी हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, टेबलावरसुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून घरच्या डॉक्टरांना सांगून काविळीची रक्त तपासणी आत्ता एकदा नि सहा महिन्यांनी एकदा करून घे.

कुडाळकर:

आमच्या हयसर डॉक्टराक असा विचारूक गेलंय तर तो म्हणतलो, "तुका इतक्या कळता तर तूच काढ तुझो दात."

दातांचा डॉक्टर, किनाऱ्यावरचाच:

कुडाळकर, असे आहेत, नाही म्हणत नाही. पण विचारलं की राग येणारे कमी आणि बरं वाटणारे जास्त. कुणी विचारतच नाही हे आमचं दुखणं.

आमचीही बाजू ऐका. दिवसाला पंधरा पेशंट असतील तर पंधरा संच हवेत किंवा दुपारी पुन्हा मशीन लावायला हवं. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मध्येच गेली की सगळं पहिल्यापासून. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मशीनमध्ये घातलं तर डाग पडतात, डिस्टिल्ड वॉटरच लागतं. खाऱ्या हवेने पकडींचे सांधे गंजतात ते वेगळंच. ही कारणं झाली, सबब नव्हे. संच नसतील तर पेशंटला उद्या बोलवावं.

पकड सगळ्यांना दिसते. माझ्या मते खरी पंचाईत एअरोटरची, म्हणजे दात कोरायच्या त्या घूंऽऽ आवाजाच्या यंत्राची. बंद करताना ते तोंडातली लाळ, रक्त थोडं आत ओढू शकतं. नुसतं स्पिरिटने पुसून पुढच्याला वापरणं चूक आहे, तेही ऑटोक्लेव्हमध्येच जायला हवं. दुसरं म्हणजे भुलीच्या औषधाची मोठी बाटली. ती एकच बाटली बऱ्याच जणांना वापरतात. सुई नवीन, पण सिरिंज जुनीच ठेवून पुन्हा बाटलीत घातली, तर बाटलीच दूषित. पुढच्या वेळी सुईसोबत सिरिंजही बघा.

आणि पेशंटनेही लपवू नये. झालेली कावीळ, रक्त पातळ करायची गोळी, साखर, सगळं सांगावं. निम्मे लोक दाढ निघून रक्त थांबेना की मग गोळीचं नाव काढतात. बाजाराच्या दिवशी खुर्ची टाकून बसणाऱ्यांकडे तर जाऊच नका. राज्याच्या दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे.

मुरुडची सून:

काल जाऊन आले. सिस्टर, रक्त दिलंय, रिपोर्ट शुक्रवारी.

आत शिरताना पोटात गोळा आला होता. अर्धा किलो आमसुलं आधी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "डॉक्टर, सासूबाईंना साखर आहे, जखम लवकर भरत नाही. टाक्यांची कात्री पाकिटातली असेल तर बरं." मदतनीस मुलगी डॉक्टरांकडे बघायला लागली. ते दोन क्षण गप्प. मग त्यांनी स्वतः ड्रॉवर उघडून पाकीट काढलं, त्यावरची खूण काळी झालेली दाखवली आणि माझ्यासमोर फाडलं. आत कात्री आणि चिमटा.

नंतर सासूबाई चूळ भरत होत्या तेव्हा म्हणाले, मोठ्या मशीनची रबरी रिंग चार महिन्यांपूर्वी गेली, मुंबईहून माणूस येतो येतो म्हणतोय. पाकिटं ते रत्नागिरीला मित्राच्या दवाखान्यात करून आणतात, पण ती पुरत नाहीत, मग बाकीच्यांना ट्रे. खरं बोलले म्हणून बरं वाटलं आणि रागही आला. माझ्या कुकरची रिंग गेली तर मी चार महिने पाहुण्यांना कच्चा भात वाढते का? हे तोंडावर बोलले नाही. एवढंच म्हटलं, की वरच्या दाढेचं पाहायला रिंग बसली की येऊ, फोन करा.

एसटीत सासूबाई म्हणाल्या, "ते कागदातलं काय फाडून दाखवत होते गो? साडी घ्यायला आल्यासारखं?"

फुलदाणी अजून तिथेच होती.