बावला खून खटल्यावर प्रेक्षकांना सामील करून घेणारा प्रयोग : सल्ला हवा

वाचनालय_गिरगाव
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या दोन खोल्या आणि मधला व्हरांडा आम्हाला तीन संध्याकाळ मिळणार आहे. प्रेक्षक 36 ते 40, नट सात, बजेट 40 हजार. यात वाढ होणार नाही, हे आधीच सांगते. विषय 12 जानेवारी 1925 चा मलबार हिलवरचा व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून : इंदूरच्या महाराजांकडून निघून आलेली नर्तकी मुमताज बेगम त्यांच्यासोबत गाडीत होती, तिला पळवायला आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. प्रेक्षक खुर्चीत बसून बघणार नाहीत, फिरतील, पुरावा हाताळतील आणि शेवटी ज्युरी होतील. तीन गोष्टी विचारायच्या आहेत : ज्युरी कशी चालवावी, गोळीबार कसा दाखवावा, जुने कागद कसे बनवावेत?

नेपथ्य_लालबाग
ताई, पहिली गोष्ट गाडी. हल्लेखोर लाल मॅक्सवेलमधून आले होते. गाडीच नसेल तर प्रयोगात काय राहिलं? जुनी गाडी भाड्याने आणा, आवारात उभी करा, प्रेक्षकांना आत बसू द्या. बजेट लाखावर न्या, तिकीट वाढवा. अगदीच नसेल तर 12 एमएम प्लायचा फक्त दर्शनी भाग : सहा फूट बाय चार, दोन पितळी दिवे, मागे उभे टेकू. टेकूवर वाळूच्या पिशव्या ठेवा, नाहीतर कोणीतरी टेकलं की प्लाय पुढे पडतो.

शनिवारचा_प्रयोग
नानावटी खटला घ्या, नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला मारलं तो. सगळ्यांना माहीत आहे, आणि भारतातली शेवटची ज्युरी तीच.

खटलेवाचक
शेवटची नव्हे. हे इतक्यांदा छापलं गेलंय की खरंच वाटायला लागलंय. नानावटीत ज्युरीने 8 विरुद्ध 1 असं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. ज्युरी कायमची गेली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. शिवाय त्यातले नातेवाईक आजही असू शकतात, तो विषय हलक्या हाताने घेण्यासारखा नाही.

आता बावला. ज्युरीचा खेळ मोडतो तो एकाच कारणाने : निकाल सगळ्यांना माहीत असतो, म्हणून 'खुनी कोण' विचारलं की दहा मिनिटांत कंटाळा. प्रश्न बदला. हायकोर्टात तिघांना फाशीची शिक्षा झाली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांवर मात्र खटला चालला नाही, त्यांनी 1926 मध्ये गादी सोडली. ज्युरीला विचारा : या पुराव्यावरून हुकूम कोणाचा होता असं म्हणता येतं का? इथे लोक खरंच भांडतात.

आकडाही नीट धरा. 1898 च्या संहितेप्रमाणे हायकोर्टात नऊ जणांची ज्युरी असे, आणि निकालाला किमान सहा मतं जुळावी लागत. तेव्हा प्रेक्षक 36 च ठेवा, 40 नको : नऊ-नऊच्या चार तुकड्या. प्रत्येकाने आधी न बोलता चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, मग नऊ मिनिटं चर्चा, मग दुसरी चिठ्ठी. पहिली चिठ्ठी वगळली तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच निकाल लागतो. पाच-चार झालं तर ज्युरी बरखास्त, 'निकाल नाही' हाही निकालच. दोन्ही चिठ्ठ्यांचे आकडे फळ्यावर मांडा. मत कुठे फिरलं ते तिथे दिसतं आणि लोक उठून फळ्यापाशी जातात.

नेपथ्य_लालबाग
फळा ठीक. पण गाडी हवीच.

ध्वनी_परळ
गोळीचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर लावू नका, नटाचा हात खाली आल्यावर आवाज येतो. वायरचा स्पीकर, शेजारच्या खोलीत, दार चार बोटं उघडं. गोळी नसलेलं, फक्त दारूचं (ब्लँक) काडतूस तर अजिबात नको. खोलीत इतक्या जवळून त्यानेही इजा होते. नकली पिस्तूल कुलूपबंद डब्यात, किल्ली एकाच माणसाकडे, आणि ते घेऊन व्हरांड्याबाहेर पाऊल नाही. बघणाऱ्याला ते खरंच वाटतं.

रंगभूषा_दादर
रक्त विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण मुमताज बेगमच्या चेहऱ्यावरचे वार दाखवायचा मोह होणारच. साखरेच्या पाकाचं करू नका, फरशी चिकट होते आणि मुंग्या येतात. अर्धी वाटी ग्लिसरीन, एक चमचा लाल खायचा रंग, चिमूटभर कोको. सुती कपड्यावर डाग राहतो, म्हणून खाली जुनी बंडी. माझं मत विचाराल तर वार दाखवूच नका, पट्टी बांधलेली बाई साक्षीला उभी राहिली की पुरे.

मोडीप्रेमी
कागद : आधी चहात बुडवा, मग छापा. उलट केलं की इंकजेटची शाई पसरते. एक लिटर पाण्यात सहा चमचे पूड उकळा, गाळा, कोमट झाल्यावर कागद अर्धा मिनिट बुडवा. दोरीवर वाळवू नका, दोरीची रेघ उमटते, प्लास्टिकवर सपाट ठेवा. इस्त्री करून लेझर प्रिंटरवर छापा, वाकडा कागद प्रिंटरमध्ये अडकतो. प्रत्येक तुकडीला वेगळा संच आणि दोन संच राखीव, म्हणजे सहा. पहिल्याच दिवशी एखादा फाटतो.

एखादं पत्र मोडीत ठेवा आणि एकाच ज्युररला अक्षरांचा तक्ता द्या, बाकीचे आठ आपोआप त्याच्याभोवती जमतात.

खटलेवाचक
खोटं पत्र पुरावा म्हणून? नको. ज्युरी त्यावरच निकाल देईल आणि घरी जाऊन इतिहास म्हणून सांगेल. ठेवायचंच तर निकालात वजन नसलेलं ठेवा आणि खाली 'नाट्यरचना' छापा. खरे तपशील कमी पडणार नाहीत : गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश अधिकारी मध्ये पडले, त्यातल्या सेगर्टने गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना थोपवलं, एक आरोपी जागीच सापडला. बचावात जीना उभे होते. काठी टेबलावर ठेवा, प्रेक्षक आधी तिलाच हात लावतात.

शनिवारचा_प्रयोग
तरी नानावटीच चालेल. नावावर लोक येतात.

पडद्यामागे
संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या. प्रेक्षकांशी होणारी प्रश्नोत्तरंही संहितेत लिहा, नुसतं 'उत्स्फूर्त' लिहून पाठवू नका. दारावर प्रत्येकाला फीत बांधा : पिवळी म्हणजे नटाने हात धरला तर चालेल, पांढरी म्हणजे नको. अंधाऱ्या व्हरांड्यात वायर कडेने चिकटवा, जिन्याच्या प्रत्येक पायरीला पांढरी पट्टी. गाडीबद्दल लालबागकर म्हणतात ते बरोबर आहे, पण व्हरांडा अडवू नका, बाहेर पडायचा रस्ता तोच आहे.

वाचनालय_गिरगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. संहिता या सोमवारी मंडळाकडे जाईल. गाडी नाही, पिस्तूल नाही, गोळीचा आवाजही नाही. मोडी पत्रही काढलं. खून आधीच झालेला आहे, प्रेक्षक आत येतात ते थेट ज्युरीच्या खोलीत. दोन खोल्यांत दोन-दोन तुकड्या, मध्ये कापडी पडदा, व्हरांड्यात साक्षीदारांचं बाक. वाचलेले पैसे कागदांना आणि साक्षीदारांच्या तालमींना. मोडीप्रेमी, चहाचा कागद दमट हवेत किती दिवस टिकतो? तिन्ही संध्याकाळींसाठी एकदाच बनवून ठेवायचा आहे.

मोडीप्रेमी
नीट वाळला असेल तर टिकतो. दोन पानांमध्ये कोरा कागद घालून सपाट फाइलमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते.

नेपथ्य_लालबाग
पडद्याला जाड कांबळं वापरा, साध्या कापडातून शेजारच्या तुकडीचं मत ऐकू येतं. आणि गाडीचा पुन्हा एकदा विचार करा.