एसेलवर्ल्डची लाँच नक्की कुठून सुटायची?

धाकटी_मालाडची
मंडळी एक भांडण मिटवा प्लीज. बाबांच्या ऑफिसची पिकनिक होती एसेलवर्ल्ड या मनोरंजन पार्कला, ९४ चा मे महिना, मी आठ वर्षांची आणि ताई बारा. मला सगळं लख्ख आठवतंय, मालाड स्टेशनवरून २७२ नंबरची बस पकडली, मार्व्याला उतरलो, सुक्या बोंबलाचा वास, मग लाँच. लाँचमध्ये मी पाण्यात हात घालायला सारखी वाकत होते म्हणून आईने माझी वेणी मुठीत धरून ठेवलेली, आणि समोर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट चमकत होता. ताई म्हणते मार्वे कुठलं, बोरिवलीहून २९४ ने गोराई खाडीला जाऊन तिथून लाँच. पैज लागलीये, हरेल तिने पुरणपोळ्या करायच्या.

खाडीकाठी
पैज रद्द करा, दोन्हीकडून लाँच होती. पार्क खाडीच्या पलीकडे, गोराई गावाच्या बाजूला. मालाडवाले मार्व्याहून यायचे आणि बोरिवलीवाले गोराई जेट्टीवरून. फक्त एक सांगतो रागावू नका. ९४ ला पॅगोडा नव्हता. त्याचं काम सुरूच झालं २००० ला आणि उद्घाटन २००९ ला. ३२५ फूट उंचीचं ते प्रकरण त्याआधी दिसणं शक्यच नाही, पार्क ८९ चं असलं तरी. तुम्ही दोन ट्रिपा एकत्र कालवल्यात.

धाकटी_मालाडची
काय सांगताय?? मला उन्हात चमकताना दिसतोय हो तो 😭

द्राक्षवाला_नाशिक
तुम्हा मुंबईकरांना लाँचवरून भांडायला तरी मिळतंय. आमची शाळेची सहल, पहाटे अडीचला नाशिकहून निघालो, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या घशाला कोरड पडेपर्यंत, आणि गाडी भाईंदर उत्तनकडून रस्त्याने थेट गेटवर. बोट बघितलीच नाही. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीमुळे आख्खा वर्ग पागल झालेला, त्यात माझी उंची त्या पट्टीपेक्षा दोन बोटं कमी, मग झिपर डिपर हा रोलर कोस्टर खालूनच बघितला, मित्र वरून ओरडतायत आणि मी त्यांच्या चपला सांभाळतोय. पुढच्या वर्षी उंची वाढली पण सहल नेली शिर्डीला.

झोपाळू_मांजर
चपला सांभाळणं 😂😂 मी तर सांभाळायलाही लायक नव्हते. जेट्टीवरच पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दाबून खाल्लेली, पहिल्याच गोल फिरणाऱ्या पाळण्यात सगळं बाहेर, तेही मामाच्या नव्या शर्टावर. उरलेला दिवस मामा बनियनवर फिरला. मॉन्स्टर्स इन द मिस्ट या राईडमध्ये अंधारात मी डोळे उघडलेच नाहीत त्यामुळे आत काय होतं हे मला आजही माहीत नाही, कुणीतरी सांगा. २०२२ ला पार्क बंद झालं ते वाचल्यावर पहिला विचार हाच आला की आता कधीच कळणार नाही.

खाडीकाठी
@झोपाळू_मांजर भुतं होती, अजून काय. आमच्या पुढे बसलेला एक दाढीवाला काका भुतापेक्षा जास्त ओरडत होता एवढंच आठवतंय. मला स्वतःला मात्र आईस स्केटिंगचं जास्त अप्रूप, भर मे महिन्यात घामाघूम होऊन आत शिरायचं आणि बर्फ! चालता येत नाही, कठडा धरून सगळे खेकड्यासारखे आडवे सरकतायत.

धाकटी_मालाडची
अपडेट. ताईला फोन केला. तिच्या लक्षात आलं की २०१० मध्ये ती तिच्या मुलाला घेऊन गेली होती, तेव्हा ती बोरिवलीला राहायची, म्हणून २९४. आणि त्या वेळी मीही सोबत होते!! म्हणजे घुमट माझा त्या ट्रिपचा आणि बोंबील ९४ चे. इथपर्यंत ठीक, बरोबरी झाली. मग ती म्हणते, आणि वेणीचं काय बोलतेस गं, त्या वर्षी तुला उवा झाल्या होत्या म्हणून आईने तुझा बॉयकट केलेला, वेणी माझी होती, पाण्यात मी वाकत होते. मी म्हटलं शक्यच नाही. दहा मिनिटांत तिने जुन्या अल्बममधला फोटो पाठवला, मार्व्याची जेट्टी, ताईला दोन वेण्या आणि शेजारी मी, मुलासारखे कापलेले केस, तोंड वाकडं करून उभी.

द्राक्षवाला_नाशिक
पुरणपोळ्या कधी?