आडवी बाटली: मतदानाला न आलेली बाई कुणाच्या बाजूची?

माहेरवाशीण:
आमच्या गावात देशीच्या दुकानावर बायकांचं मतदान झालं. माहेरी होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. शाळेच्या वर्गात पेटी, चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. मोजताना आडवीचा ढीग टेबलावर मावेना, उभीच्या चिठ्ठ्या एका मुठीत. तरी दुकान राहिलं! कारण 2008 च्या नियमाप्रमाणे आडवीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आणि निम्मं गाव ऊसतोडीला. म्हणजे फडात कोयता चालवणारी बाई न येताच बाटली उभी करून गेली. तिची मयत सासूसुद्धा, नाव अजून यादीत आहे ना! आमदार असा निवडतात का?

मोजमाप:
अट कडक आहे आणि असावी. आमदार पाच वर्षांनी बदलता येतो, इथे एका दिवसात माणसाचा परवाना जातो. त्याने फी भरलीय, शाळा-देवळापासूनचं अंतर मोजून दिलंय, दरवर्षी नूतनीकरण केलंय. शिवाय मोर्चामागे कोण असतं तेही बघा. आमच्याकडे सह्या गोळा करायला जीप फिरत होती ती शेजारगावच्या दुकानदाराची. हे बंद पडलं की गिऱ्हाईक त्याच्याकडेच.

माहेरवाशीण:
जीप त्याची असेल, सही बाईची आहे. तीही कुणी अशीच धरत नाही. आधी 25 टक्के बायकांच्या सह्या, मग एक्साइजवाले पडताळणीला. ओळखपत्र घेऊन चारचौघांत उभं राहायचं, आणि समोर पारावर नवरा बसलेला. एवढ्यातून जी आली तिला तुम्ही जीप कुणाची विचारताय.

कोरडा दिवस:
परवाना गेला म्हणजे दारू गेली, हे तुम्ही दोघांनीही धरूनच चाललाय. चंद्रपूर जिल्हा 1 एप्रिल 2015 पासून कोरडा केला, 2021 मध्ये सरकारनेच बंदी उठवली. कारण सांगताना चोरटी दारूच पुढे केली. परवान्याच्या दुकानाला निदान वेळ असते, सीलबंद बाटली असते. पिशवीतल्या दारूला काय असतं?

रातपाळी:
मुंबईतलं मालवणी विसरलात? जून 2015, विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मुंबईत दारूबंदी नव्हती, परवान्याची दुकानं हवी तेवढी होती. पिशवी खपते ती स्वस्त म्हणून, आणि टिकते ती हप्त्यावर. आडव्या बाटलीचा त्यात काय दोष?

मोजमाप:
हे मान्य. तरी माझं म्हणणं, विचारायचं ते परवाना देताना विचारा. मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचं नवीन दुकान काढायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. हे मला पटतं. उघडण्याआधी नको म्हणणं वेगळं, वीस वर्षांनी शटर पाडणं वेगळं.

रातपाळी:
कागदाचं काय होतं ते हायवेवर पाहिलं की. डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने 500 मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली. लगेच ठिकठिकाणी रस्त्याचाच दर्जा बदलायची धावपळ! बार जागच्या जागी, हायवे तेवढा कागदावरून हलला. (हसू आलं होतं तेव्हा, खोटं कशाला बोलू.)

माहेरवाशीण:
वीस वर्षांचं म्हणालात म्हणून सांगते. ते दुकान आलं तेव्हा मी सातवीत होते. ठराव कुणी केला ते आईला आजही माहीत नाही. परवाना दरवर्षी नवा होतो ना? मग दरवर्षी विचारा.

सध्या भावजय आणि तिघी-चौघी मयतांची नावं कमी करायला नमुना 7 भरताहेत. पुढचा अर्ज गुढीपाडव्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या गावात आल्या की.